दहा सेकंदांची मुदत

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकावर लिहिणारे बहुतेक समीक्षक बेणारेबाईंच्या अखेरच्या स्वगतापाशी थबकतात. सोसणाऱ्या बाईला अखेर वाचा फुटली, असा त्यांचा सूर असतो. ज्यांच्या कानांत सुलभा देशपांडे यांचा आवाज अजून आहे, त्यांना तो पटेलही. नाटक पुन्हा वाचताना मला मात्र उलटेच जाणवले. बाई बोलतात तेव्हा रंगमंचावरची माणसे थिजलेली असतात. ते बोलणे ऐकतो फक्त प्रेक्षक. कोर्टाच्या दप्तरात त्यातले अक्षरही जात नाही. काशीकरांनी दिलेले दहा सेकंद संपतात आणि शिक्षा सुनावली जाते. आपण टाळ्या वाजवतो त्या कशासाठी?

आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२. वास्तविक पोटातल्या गर्भाचा मृत्यू घडवणे हा दंडसंहितेच्या कलम २९९ प्रमाणे मनुष्यवध ठरत नसे. त्यासाठी निराळी कलमे होती. (ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली, आता खुनाचे कलम १०३.) तेंडुलकरांची ही चूक की मुद्दाम केलेली खोच, या वादात मी शिरत नाही. काशीकर-सुखात्मे मंडळींच्या कोर्टाला ती शोभते, एवढे खरे.

खरी मेख दामल्यांच्या गैरहजेरीत आहे. बचावाचे वकील आलेच नाहीत, म्हणून फिर्यादीचे सुखात्मेच आरोपीचेही वकील होतात, आणि त्या खुर्चीत बसल्यावर गुन्हा मान्य करून नुसती दया मागतात. न्यायाधीश आसन सोडून साक्ष देतात. सामंत कादंबरीतला मजकूर वाचून साक्षीदार बनतो. यातली एक गोष्टही अपिलात टिकली नसती. पण या कोर्टावर वरचे कोर्टच नाही.

खऱ्या कोर्टांवर ते असते, म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. महाराष्ट्रातल्या २००३ सालच्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने २००६ साली फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. ज्या तिघांची शिक्षा वाढली त्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. हा निकाल २०१८ साली मागे घेण्यात आला, अपिले नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बमातून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. हे काही नवे सापडले नव्हते, कागदोपत्रीच होते.

सीमाभागात आपण ‘ऐकणे’ म्हटले की आधी भाषेचा विचार करतो, आणि तो उगाच नाही. बेळगावच्या मराठी आरोपीचा जबाब कानडीत उतरतो आणि २००८ पासून धारवाडला अपील गेले की तिथे इंग्रजीत वाचला जातो. न समजणाऱ्या भाषेतली साक्ष आरोपीला समजावून सांगावी असा नियम आहे. दुभाषा बरा मिळाला तर त्याचा उपयोग. पण बेणारेबाईंच्या कोर्टात दुभाष्याची अडचण नव्हती. सगळे एकाच घोटीव मध्यमवर्गीय मराठीत बोलत होते. भाषेवर खापर फोडायची आपली सवय हे नाटक मोडून काढते, आणि मला वाटते, स्वगतापेक्षा त्याचे हे मोल मोठे आहे.

स्वगत मला थोडे भरजरीच वाटते. त्याहून सामंताचा पोपट खरा. तो कापडी हिरवा पोपट पडलेल्या बाईजवळ हलकेच ठेवून हा खोटा साक्षीदार निघून जातो. तो काही विचारत नाही, आणि बाईही काही सांगत नाहीत.