‘दास’ आणि दरबार : ना. वा. टिळकांच्या भक्तिरचनेतील सभासदत्वाचा प्रश्न

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे स्थान मराठी वाङ्मयेतिहासात फुलामुलांचे कवी म्हणून निश्चित झाले आणि त्यांचे धर्मकार्य चर्चच्या इतिहासाकडे सोपविले गेले. ही वाटणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे त्यांच्या भक्तिरचनेतील मूळ प्रश्न दृष्टिआड होतो : ख्रिस्ताचा भक्त कोणाला म्हणावे? केवळ बाप्तिस्मा घेतलेल्यालाच काय?

१८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात रुजू झाले. मराठी ख्रिस्ती उपासनेत देशी चालींची वाट कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी आधीच काढली होती. त्यामुळे टिळकांचे श्रेय केवळ ‘देशीकरणा’चे मानणे अपुरे ठरते. त्यांच्या अभंगात छंदाबरोबर गाणाऱ्यांचा समुदायही बदलतो. उपासनामंदिरातील गीत सभासदांचे असते. भजनात टाळ धरणाऱ्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हे कोणी विचारीत नाही. अभंगाच्या अखेरीस येणारी ‘दास’ ही नाममुद्रा याच अर्थाने लक्षणीय आहे. ती व्यक्तीचे नाव पुसते आणि नाते तेवढे ठेवते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही टिळकांची धारणा येथे रचनातत्त्व बनते.

तमिळमधील एच. ए. कृष्ण पिळ्ळै (१८२७–१९००) यांच्याशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. वैष्णव परंपरेतून १८५८ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने ‘रक्षण्य यात्रिकम्’ (१८९४) मध्ये बन्यनचे रूपक कंबनाच्या महाकाव्यपरंपरेत आणले. मराठीत हरि केशवजींच्या ‘यात्रिकक्रमणा’मुळे (१८४१) बन्यन कितीतरी आधी उपलब्ध होता, परंतु टिळकांची प्रतिभा त्याकडे वळली नाही. बन्यनचा यात्रिक गाव सोडून निघतो. सोडून जाण्याचे हे रूपक टिळकांना मानवणारे नव्हते.

१९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त अभिप्रेत होते. संस्था म्हणून दरबार टिकला नाही आणि त्याची व्यवहार्यता शंकास्पदच होती : आत-बाहेरची रेषा न आखणारा संघ पुढच्या पिढीकडे काय सोपविणार? तथापि, त्याची पूर्वपीठिका धर्मशास्त्रापेक्षा संसारात शोधावी लागते. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षे, बराच काळ दुराव्याची, पती आत आणि पत्नी बाहेर अशी होती. ‘स्मृतिचित्रे’ या पेचाचा जो तपशील देते, त्यात सोवळ्याओवळ्याचे व पाण्याचे प्रश्न कोणत्याही सिद्धांतापेक्षा अवघड ठरतात. दरबाराची चर्चा करणाऱ्यांनी हा ग्रंथ केवळ आत्मचरित्र म्हणून बाजूला ठेवावा, हे आश्चर्यच होय.

टिळकांच्या हातून ‘ख्रिस्तायना’चा आरंभीचाच भाग लिहून झाला. पुढील बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.