गुरू बाजूला होतो तेव्हा

कादंबरी आपण कशासाठी वाचतो? नायकासाठी, हे उत्तर सोपे आहे. दिवाळीचा फराळ पुढे घेऊन अंक चाळणाऱ्या कोणालाही विचारा, तो नायकाचेच नाव सांगेल. पण त्या नायकाच्या मागे कोणीतरी उभे असते. कधी एखादा म्हातारा, कधी आई, कधी मास्तर, कधी गावाने वेड्यात काढलेला एखादा फकीर. मी काही विद्यापीठातला टीकाकार नव्हे. मॅट्रिक झालो, मुलांना शिकवू लागलो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो, एवढीच माझी योग्यता. पण लिहायला बसले की नायकापेक्षा हा मागचा माणूसच मला अधिक छळतो. त्याला किती बोलू द्यायचे आणि कोणत्या प्रकरणात निरोप द्यायचा, हे ज्याला साधले त्याची कादंबरी उभी राहते, असे माझे मत होऊन बसले आहे.

होमरच्या 'ओडिसी'त मेंटॉर नावाचा एक वृद्ध आहे. ओडिसियस युद्धावर जाताना आपले घर त्याच्या हवाली करतो. मार्गदर्शकाला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे तो या म्हाताऱ्याच्या नावावरूनच आला. गंमत अशी की, ओडिसियसच्या मुलाला खरा हुरूप देते ती अथीना देवी. ती मेंटॉरचे रूप घेऊन येते, काम करते आणि नाहीशी होते. पुढे १९४९ साली जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकाने देशोदेशींच्या पुराणकथा शेजारी ठेवून असे दाखवले की, नायक घर सोडतो, वाटेत त्याला कोणी वडीलधारे भेटते, काही वस्तू किंवा युक्ती देते. पण पुढचा उंबरठा नायकाला स्वतःच ओलांडावा लागतो. हे वाचून आपणही मान डोलावतो. अडचण एवढीच की, आमच्याकडे गुरूला देवाच्या पाटावर बसवलेले आहे, आणि देव पाटावरून सहसा उठत नाही!

याचा सर्वांत कडू दाखला महाभारतातच आहे. एकलव्य निषादाचा मुलगा. द्रोणाचार्य त्याला शिकवायला नकार देतात. तो रानात जाऊन मातीचा द्रोण करतो आणि त्याच्यासमोर सराव करतो. भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड तो बाणांनी असे भरतो की पांडव थक्क होतात. मग अर्जुनाला दिलेला शब्द राखण्यासाठी खरे द्रोण रानात येतात आणि गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागतात. ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या गुरुभक्तीचा धडा म्हणून सांगत आलो. मी ज्या भागात शिकवतो तो झाडीचा. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानाच्या गावांतून आणि रानालगतच्या टोल्यांतून पोरे शिकायला ब्रह्मपुरीला येतात. त्यांच्यापुढे हा धडा सांगताना जीभ सहज वळत नाही. एकदा वर्गात ही कथा झाली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मातीच्या द्रोणानं अंगठा मागितला असता का?" मोठमोठ्या भाष्यकारांपेक्षा मला हा प्रश्न मोलाचा वाटतो. मातीचा गुरू गप्प होता. त्याने काही दिले नाही, पण काही अडवलेही नाही. एकलव्य मोठा झाला तो त्या गप्प बसण्याच्या आधारावर. आणि बोलता गुरू आला तो त्याचे मोठेपण कापून नेण्यासाठी.

साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली गेली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकावर रडवेपणाचा आरोप नेहमी होतो. मला त्यातले अश्रू तितके लक्षात राहत नाहीत, जितकी आईच्या हातातली शिंपटी लक्षात राहते. पोहायला भिऊन लपून बसलेल्या मुलाला ती शिंपटीने मारत विहिरीकडे धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये यासाठी. ती स्वतः पाण्यात उतरत नाही. उडी श्यामचीच. आणि शेवटी ती जाते तेव्हा श्याम जवळ नसतो. हा योग कारुण्यासाठी जुळवला आहे असे कोणी म्हणेल. मला तो कथेच्या प्रकृतीचाच भाग वाटतो. आश्रमातल्या मुलांना रोज रात्री आठवणी सांगणारा श्याम तोवर स्वतःच गुरू झालेला आहे. मात्र काही रात्री त्याचा उपदेश लांबतो आणि वर्गात वाचून दाखवताना पोरे चुळबुळू लागतात, हेही सांगितले पाहिजे. जिथे आई काही करते तिथे पुस्तक जिवंत आहे. जिथे तिच्या करण्याचा अर्थ सांगितला जातो तिथे ते मंदावते.

माझ्या मते मराठीत हा प्रश्न सर्वांत चांगला सोडवला तो व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त. साल १९५५. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत राजाराम नावाचा कोवळा मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे. रूढ साच्याप्रमाणे मास्तराने आता गुरू व्हावे आणि वाडीचा उद्धार करावा. लेखक तसे होऊ देत नाही. वाडीचा म्हातारा कारभारी मास्तराला हाताशी धरतो. शिकवायला आलेला माणूस शिकू लागतो. माणसे कशी वागतात आणि मेंढरांवर जगणाऱ्यांचे दिवस कसे जातात, हे त्याला कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजात कळले नसते. आणि हा कारभारी कोणी ऋषी नव्हे. स्वतःच्या मुलीवरून गैरसमज करून घेऊन तो मास्तरावर रुसतो. गुरू चुकतो, तरी त्याने दिलेले खोटे ठरत नाही! द्रोणाला पाटावर बसवणाऱ्या आपल्या वाचकाला हे पचायला जड. पण ज्याने एखाद्या खेड्यात दोन वर्षे काढली आहेत त्याला पहिल्याच वाचनात पटेल.

पुढे वाडी मिळून तालीम बांधते. कारभारी मरतो. मग दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. शिकवायलाही कोणी उरत नाही, शिकायलाही. काहीजण म्हणतात, ही कादंबरीच नव्हे, व्यक्तिचित्रांची माळ आहे. तसे वाटते याचे कारण लेखकाने नायकाला पुढच्या खुर्चीवर बसवलेले नाही. मास्तर पाहतो, ऐकतो, धडपडतो. एवढ्यावर कादंबरी तोलणे सोपे नाही. मी स्वतः प्रयत्न करतो आहे, म्हणून सांगतो.

पुस्तकाबाहेरही हे दिसते. आमच्या शेजारच्या चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी जे झाले, त्यामागे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा हुरूप होता. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले ते त्यासाठीच. पण रस्त्यावर उतरला तो गाव. पुढे १९५५ साली त्यांनी 'ग्रामगीता' दिली, तिच्यातही ऐकणारा कोणी एकटा अर्जुन नाही, अख्खे गाव आहे. 'बनगरवाडी'चे आणि तिचे साल एकच, हा निव्वळ योगायोग. तरी मला तो आवडतो.

आता धान कापून बांध्या मोकळ्या होतील, गावोगाव मंडई भरेल आणि रात्र रात्र नाटके रंगतील. झाडीपट्टीच्या या रंगभूमीकडे पुण्या-मुंबईच्या टीकाकारांनी फारसे पाहिले नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा काहींनी प्रथमच नाव ऐकले. तिथल्या नटांविषयी पुन्हा कधी लिहीन. आज आठवतो तो एका हौशी मंडळाचा प्रॉम्प्टर. एके काळी स्वतः राजाची भूमिका करणारा, आता विंगेत वही घेऊन बसणारा. पहिल्या प्रयोगाला तो नव्या पोराला अख्खे वाक्य पुरवत असे, चौथ्या-पाचव्याला नुसता पहिला शब्द. नंतरच्या एका रात्री मी विंगेतच उभा होतो. भर दरबारात पोरगा अडला. म्हाताऱ्याने वही उघडली नाही. मांडव गप्प. मग पोराने स्वतःच्या मनाने एक वाक्य ठोकून दिले आणि टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर मी म्हाताऱ्याला विचारले, "वही का उघडली नाही?"

"तो वाक्य वहीत नव्हताच, गुरुजी," तो म्हणाला, "पण राजाच्या तोंडी शोभला ना?" आणि बिडी पेटवायला मांडवामागे निघून गेला.