अरबी रुमाल : प्रतिष्ठेचे कापड

अरबी रुमाल म्हटला की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांपुढे येते. आखातातून परतणारी कोकणातली आपली माणसे तो घेऊन येतात आणि आपण त्याला सरसकट 'रुमाल' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात पांढरा तो गुतरा, लाल-पांढऱ्या चौकडीचा तो शिमाग, काळ्या-पांढऱ्या जाळीच्या नक्षीचा तो कुफिया. वर काळे इकाल. (उर्दू शिकवणाऱ्या आम्हांला हा शब्द फार आवडतो : 'इकाल' आणि 'अक्ल' यांचा धातू एकच, अर्थ बांधून ठेवणे.)

मुळात हा उन्हापासून आणि वाळूपासून बचावाचा साधा चौकोन. आज दुकानात तोच 'स्विस कॉटन'चा म्हणून खपतो, शिमागवर इंग्लंडची मोहोर असते आणि अंगातल्या झग्याचे कापड जपानच्या तोयोबो कंपनीचे. ओमानमध्ये तर पश्मिन्याचा मुसर बांधतात, काश्मीरच्या सुईकामाचा. त्याची तारीफ सगळे करतात, पण सुई धरणारी बोटे कुणाला आठवतात?

कापड परदेशातून यावे यात आम्हांला वावगे वाटत नाही. व्यापार असाच चालत आला आहे. तलम वस्त्र नेसणे हाही गुन्हा नव्हे. खटकते ते हे, की कापडाचा पोत बघून माणसाची पत ठरू लागते. या रुमालाच्या इतिहासात नेमके उलटे घडले होते. पॅलेस्टाईनमध्ये 1936 ते 1939 या काळात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. शहरी बाबू तेव्हा तुर्की टोपी घालत, कुफिया खेडुतांचा. 1938 मध्ये बंडखोरांनी फर्मान काढले : टोपी उतरवा, कुफिया बांधा. मग कोण शेतकरी, कोण एफेंदी आणि कोण बंडखोर, हे शिपायांना ओळखेना!

2021 साली लुई व्हितोंने याच नक्षीचा निळा-पांढरा रुमाल 705 डॉलरला विकायला काढला. निळा-पांढरा हे इस्रायलच्या झेंड्याचे रंग, त्यामुळे गहजब झाला आणि कंपनीने तो आपल्या संकेतस्थळावरून उतरवला. रंगावर जेवढी टीका झाली, तेवढी किमतीवर व्हायला हवी होती, असे आम्हांला वाटते.

तिकडे अल-खलीलमध्ये हिरबावी कुटुंबाचा कुफियाचा कारखाना 1961 पासून उभा आहे. चिनी स्वस्त मालाने तो जवळजवळ बसला होता. 2023 नंतर मागणी एकदम वाढली. तिथले माग जपानी सुझुकी कंपनीचे आहेत. तरी त्या कापडाला परके कुणी म्हणत नाही.