‘रमतगमत’ आणि ‘भटक्या’ : एका संज्ञेच्या मराठीकरणाचा प्रश्न

बोदलेअरने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आधुनिक जीवनाचा चित्रकार’ या निबंधात ज्याचे वर्णन केले आणि वाल्टर बेन्यामिनने आधुनिकतेच्या विवेचनात ज्याला मध्यवर्ती स्थान दिले, त्या ‘फ्लानर’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न केवळ पर्यायी शब्दापुरता मर्यादित नाही. निवांत चालण्याची क्रिया आणि रीत सांगणारे शब्द मराठीत विपुल आहेत. अशा चालणाऱ्याचे सन्मान्य नाम मात्र सापडत नाही.

‘रमतगमत’ ही चालण्याची रीत होय; तीवरून व्यक्तिवाचक नाम घडत नाही. ‘शतपावली’ला आरोग्याचे प्रयोजन आहे. ‘फेरफटका’, ‘फेरी’, ‘चक्कर’ या शब्दांत घरी परतणे गृहीत आहे. वाटसरूला मुक्काम असतो, वारकऱ्याला पंढरपूर. प्रयोजन आणि परतणे ही दोन्ही वगळली की उरतात ती दूषणे : उनाड, रिकामटेकडा, आणि स्त्रीच्या वाट्याला त्याहून बोचरे ‘भटकभवानी’.

‘भटक्या’ हा पर्याय सहज सुचतो, आणि तोच सर्वाधिक अडचणीचा आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांच्या हिंडण्याफिरण्यावर नोंदणीचे व परवानगीचे बंधन घातले. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी संशय ओसरला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) यांनंतर हा शब्द त्या इतिहासापासून तोडता येत नाही. पॅरिसमधील फ्लानरचे भटकणे ही निवड आहे. येथे ती लादलेली स्थिती आहे. एकाच नामाने दोघांचा निर्देश केल्यास हा भेद पुसला जातो.

हा भेद महानगराच्या कडेलाही तपासता येतो. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत नोकरदाराचे चालणे लोकलच्या वेळेला बांधलेले असते; पाय स्टेशनाकडे वळतात ते झपझप. संध्याकाळी ‘जरा फिरून येतो’ एवढे पुरुषाला पुरते. स्त्रीला बहुधा त्या वाक्याला भाजीचे, औषधाचे वा मुलाच्या क्लासचे कारण जोडावे लागते. बेन्यामिनच्या फ्लानरजवळ असलेला रिकामा वेळ आणि निःशंक वावर, या दोन्हींचे वाटप येथे विषम आहे.

म्हणून ‘फ्लानर’ ही संज्ञा तूर्त तशीच स्वीकारणे अधिक प्रामाणिक ठरेल. मराठी नगरसाहित्याचा विचार करताना तिच्या जोडीने एक प्रश्नही विचारला जावा : या संहितेत कारण न सांगता चालण्याची मुभा कोणाला आहे?