'मर' आणि 'रोप' : दोन संज्ञांची मर्यादा

वनस्पतिरोगांची मराठी नावे बहुधा अखेरच्या लक्षणावरून पडलेली आहेत : मर, करपा, मूळकूज. पानवेलीच्या मर रोगास कारण होणाऱ्या फायटोप्थोरास शेतकी लेखनात सर्रास 'बुरशी' म्हटले जाते. डी बॅरीने १८७६ मध्ये योजलेल्या या ग्रीक नावाचा अर्थ 'वनस्पतिनाशक' असा आहे. परंतु हा जीव खऱ्या बुरशींत मोडत नाही आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. 'बुरशी' या शब्दात हे पोहणे मावत नाही.

दोष कोशापुरताच असता तर क्षम्य ठरता. नायगावच्या खाडीकाठी, तिवरांच्या मागील गोड्या जमिनीवर देशी झाडी पुन्हा उभी करावयाची झाल्यास तो प्रत्यक्ष नडेल. 'रोप' म्हणताच डोळ्यांपुढे पाने येतात, पिशवीतली माती येत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये फायटोप्थोरा टेंटॅक्युलाटा ही जाती देशी झाडांच्या रोपवाटिकेत सापडली, आणि पुढे निसर्ग पूर्ववत करण्यासाठी केलेल्या लागवडींतही. उपकारासाठी नेलेल्या रोपांबरोबरच रोग रानात गेला.

यावरचे उपाय साधे आहेत : पिशव्या जमिनीवर न ठेवता माच्यावर ठेवणे, माती वाफेने तापविणे, अवजारे धुणे, मेलेले रोप तपासल्याखेरीज शेजारची न हलविणे. 'रोप निरोगी आहे' या वाक्यात यांपैकी कशाचीच विचारपूस होत नाही. तिवरापुरता प्रश्न सोपा; त्याचे बी झाडावरच रुजू लागते आणि थेट चिखलात टोचता येते. त्यास पिशवी लागत नाही.