नोकरदार शिकाऱ्याची रायफल

केनेथ अँडरसनच्या कथेत वाघ दोन-चार ओळींत मरतो. त्याआधीची कितीतरी पानं तयारीत गेलेली असतात. झाड कोणतं निवडलं, मचाण किती उंचीवर बांधलं, वारा कुठून वाहत होता, टॉर्च नळीवर कसा बसवला, जादाचा टॉर्च कुठे ठेवला, चहाचा थर्मास कुठल्या बाजूला. घाईतला वाचक ही पानं भराभर उलटतो. माझ्या मते अँडरसन लेखक म्हणून सगळ्यात मोठा होतो तो याच पानांत. आणि तिथे वाघाइतकीच महत्त्वाची असते ती त्याच्या मांडीवरची रायफल : अमेरिकन बनावटीची, मुठीखालचा लिव्हर ओढून भरायची, मोठ्या बोअरची .४०५ विंचेस्टर.

अँडरसनचा जन्म १९१० सालचा, हैदराबादजवळच्या बोलारमचा. घराणं मूळचं स्कॉटिश, पण कित्येक पिढ्या हिंदुस्थानातच रुजलेलं. त्याचं आयुष्य बंगळूरला गेलं, तिथल्या विमान कारखान्यात त्यानं नोकरी केली. ‘नाइन मॅनईटर्स अँड वन रोग’ हे पहिलं पुस्तक १९५४ साली आलं. त्याच्या शिकारकथांत रजा हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, कारण नरभक्षकाची बातमी आली म्हणून कामावरची हजेरी सुटत नसते. चार दिवस मिळाले की गाडी काढायची आणि सालेम, चामराजनगर किंवा शिमोग्याच्या रानात शिरायचं. रजा संपली आणि वाघ मिळाला नाही, तर तसंच परत यायचं. कित्येक कथांमधला ताण वाघापेक्षा या संपत आलेल्या रजेचा आहे. ते आपल्या नोकरदारांना वेगळं समजावून सांगायला नको.

त्या काळी मोठ्या शिकारीसाठी सरदार-दरकदार, संस्थानिक आणि बडे साहेब लंडनच्या नामांकित कारखान्यांतली दुनळी रायफल घेत. ती हातानं घडवलेली असे, गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापानं बेतलेली असे आणि तिची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरची असे. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी त्याला १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्यावर सरकारकडून भेट मिळालेली. अँडरसनची विंचेस्टर या दोन्ही वाटांनी येणारी नव्हे. ती यंत्रावर हजारोंनी निघालेली, मजबूत, साधी आणि त्या मानानं स्वस्त. पहिल्या महायुद्धात रशियानं याच मॉडेलच्या जवळजवळ तीन लाख रायफली आपल्या सैनिकांसाठी मागवल्या होत्या, यावरून ती किती सर्रास बनत होती हे कळेल. तिला खानदान नव्हतं, काम मात्र चोख होतं. अँडरसनच्या लेखनालाही मी नेमके हेच शब्द लावीन.

आता ही रायफल जरा जवळून बघू, कारण तिची रचना कळली की त्याची वाक्यं वेगळी ऐकू येतात. तिचा आराखडा जॉन ब्राउनिंगचा, साल १८९५. त्याआधीच्या लिव्हरच्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसत. एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, म्हणून टोकदार गोळी त्यात घालणं धोक्याचं. ब्राउनिंगनं नळकांडं काढून टाकलं आणि लिव्हरच्या पुढे, पोटाखाली पेटी दिली. तिच्यात काडतुसं एकावर एक बसतात. त्यामुळे या जातीच्या रायफलीला मोठं, ताकदीचं काडतूस पेलता आलं. .४०५ चं काडतूस १९०४ साली आलं. गोळी दहा मिलिमीटरहून जाड आणि वजनाला साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेला, तेव्हा इंग्लंडमधल्या चाहत्यांनी भेट दिलेली उंची दुनळी त्याच्याजवळ होती, तरी सिंहासाठी त्याची पसंती या .४०५ लाच होती.

चालवायची रीत अशी. लिव्हर खाली ढकलला की बोल्ट मागे येतो, रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं आणि घोडा चढतो. लिव्हर वर आणून मुठीला लावला की नवं काडतूस नळीत जातं. एवढ्या वेळात उजवा हात मुठीपासून दूर जात नाही, दस्ता खांद्यावरून उतरत नाही आणि डोळा नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवरून हलत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर या तीन गोष्टींचं मोल काय, हे अँडरसननं कुठेही व्याख्यान देऊन सांगितलेलं नाही. त्यानं ते वाक्यांच्या लयीत उतरवलं आहे. बार, लिव्हर, बार. एरवी पसरट, सैल लिहिणारा हा माणूस अशा जागी आला की त्याचं वाक्य आखूड होतं, क्रियापदं एकमेकांना टेकून उभी राहतात. दुसऱ्या गोळीनंतर तो पुन्हा श्वास घेतो आणि वाक्य पुन्हा लांबतं. ही लय त्याला लेखनाच्या अभ्यासातून मिळाली असं मला वाटत नाही. ती त्याच्या उजव्या मनगटातून आली आहे.

या रायफलीचे दोषही त्याच्या शांततेत भरलेले आहेत. लिव्हर ओढताना होणारा आवाज रात्रीच्या रानात लांबवर ऐकू जातो, म्हणून मचाणावर स्थिर होण्याआधीच काडतूस नळीत हवं. घोडा बाहेरच्या बाजूला, तो चढवताना बारीकसा टक आवाज होतो, म्हणून तो कधी चढवायचा याचाही हिशेब हवा. दस्त्याचं बूड अरुंद आणि पोलादी पत्र्याचं, त्यामुळे मोठ्या काडतुसाचा दणका खांद्याच्या एवढ्याशा जागेत बसतो. दस्ता खांद्याला नीट भिडलेला नसेल तर नेमही जातो आणि खांदाही. हे सगळं आधी जुळवून ठेवायचं, मग तासन् तास हलायचं नाही. अँडरसनच्या मचाणावर बसण्यात जी शिस्त दिसते, ती अशी यंत्राच्या स्वभावातून आलेली आहे.

टॉर्चच्या तपशिलावर मी मुद्दाम थांबतो. अँडरसन विजेचा टॉर्च चिमट्यानं रायफलीवर बसवतो. अंधारात माशी दिसत नाही, म्हणजे उजेड पडेल तिथेच गोळी जायला हवी. त्यासाठी टॉर्च आणि नळी यांची दिशा आधी दिवसा जुळवून घ्यावी लागते. मग रात्री डाव्या अंगठ्यानं बटण, उजव्या बोटानं चाप. उजेड पडला की जनावराचे डोळे पेटतात आणि पुढचे दोन-तीन क्षणच हातात असतात. त्याच्या कथांत अंधाराची वर्णनं भरपूर आहेत : रातकिडे, सांबराची धोक्याची हाक, चितळाचा इशारा, मग एकदम पसरलेली शांतता. पानामागून पानं केवळ कानांनी लिहिलेली. आणि मग बटण. ऐकण्याचं जग एका क्षणात दिसण्याचं होतं. कथेची रचना म्हणून पाहिलं तर ही जागा फार ताकदीची आहे, आणि ती चिमट्यानं बसवलेल्या एका टॉर्चमुळे तयार झाली आहे.

जवळगिरीच्या वाघिणीची कथा या दृष्टीनं मला त्याची सर्वोत्तम वाटते. वाघिणीचा जोडीदार मारला गेलेला आहे. शेवटच्या भागात ती साथीसाठी साद घालते आणि अँडरसन नर वाघाचा आवाज काढून तिला उत्तर देतो. तिथे रायफल पूर्णपणे गप्प असते, सगळं काम गळा करतो. वाघीण त्या आवाजाच्या भरवशावर येते. वाचताना आपण एकाच वेळी दोन्हीकडे असतो. गावकऱ्यांची सुटका व्हावी असंही वाटतं आणि तिच्या सादेला असं उत्तर मिळावं हे सोसतही नाही. अँडरसननं ही कुचंबणा झाकलेली नाही, हे त्याचं मोठेपण. शिकारकथा शौर्याची राहिली असती तर मी ती एकदा वाचून ठेवून दिली असती.

गुम्मलापूरच्या बिबट्याची कथा निराळ्या जातीची. तिथे रान गावात शिरलं आहे. शिकारी झाडावरून उतरून घरांच्या मधोमध रात्र काढतो, आणि त्याला सावध करतं ते एक गावठी कुत्रं. पुढे तो त्या कुत्र्याला घरी घेऊन जातो, त्याचं नाव निप्पर ठेवतो. इतक्या रायफली, टॉर्च आणि अनुभव जवळ असलेला माणूस आपला जीव वाचल्याचं श्रेय एका बेवारस कुत्र्याला देतो, तेही मोकळेपणानं. अशा जागी अँडरसन मला कॉर्बेटपेक्षा जवळचा वाटतो.

त्याचे दोष सांगायलाच हवेत. बळी पडलेल्या माणसाचा शेवट तो स्वतः पाहिल्यासारखा रंगवतो, तेव्हा भडकपणा येतो. कॉर्बेटचं संयत गद्य त्याच्याकडे नाही. त्याच्या कथांत खरं किती आणि सजवलेलं किती, अशी शंका घेणारेही आहेत. संवाद आणि योगायोग यांबाबत ती शंका मला रास्त वाटते. टॉर्च, वारा, काडतूस आणि वाट पाहणं यांबाबत मात्र नाही. हे ज्यानं केलेलं नाही त्याला असं लिहिता येत नाही.

बोरिवली किंवा मुलुंडला राहून ही पुस्तकं वाचणं हा खास अनुभव आहे. आपल्या इमारतींच्या मागे शंभरहून थोडं जास्त चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात बिबटे आहेत. २००४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उद्यानाच्या कडेला माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, तेव्हा गुम्मलापूर फार लांबचं राहिलं नव्हतं. पण इथे कुणी अँडरसन रजा काढून आला नाही. पिंजरे लागले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यानं प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. कचरा आणि त्यावर पोसणारी भटकी कुत्री यांच्याकडे लक्ष गेलं, वस्त्यांमधून माहिती देण्याचं काम सुरू झालं. २०२१ साली आरेत हल्ले झाले तेव्हा वनखात्यानं कॅमेरे लावून अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबटे ओळखण्याचा प्रयत्न केला. वाट पाहणं तेच, वारा आणि वाटा ओळखणं तेच, झाडाला बांधलेलं यंत्र तेवढं बदललं. अँडरसनची तयारीची पानं आज वनरक्षकांच्या आणि अभ्यासकांच्या उपयोगाची वाटतात ती यामुळे.

कुणा अंधेरीकराला ही रायफल विकत घ्यावीशी वाटली तर? १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पोलिस आयुक्तालयाचा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक मागवता येत नाही, म्हणून जुन्या विंचेस्टर फिरतात त्या वारशानं किंवा जुन्या मालाच्या व्यवहारातून. आपल्या सरकारी कारखान्यांची .३१५ आहे, पण ती लिव्हरची नव्हे, हातानं बोल्ट ओढायची. आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आवळली गेली व १९९१ च्या दुरुस्तीनं उरलीसुरली वाटही बंद झाली. हे योग्यच झालं. अँडरसन स्वतः उत्तरायुष्यात जंगल वाचवण्याच्या बाजूनं कळकळीनं लिहीत होता.

रायफल आपल्या शरीराला जुळवून घेण्यातला आनंद मात्र संपलेला नाही, तो नेमबाजीत शिल्लक आहे. भारताची नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली उभी राहिली ती ग. वा. मावळंकरांच्या पुढाकारानं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तोही मध्य रेल्वेतला नोकरदार. गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून : प्रत्येक वेळी दस्त्याचं बूड, गालाचा आधार आणि हाताचा टेकू नव्यानं जुळवायचा, तोही घड्याळाकडे लक्ष ठेवून. तो अंतिम सामना पाहताना बहुतेकांनी फक्त गुण पाहिले. या मधल्या जुळवाजुळवीकडे पुन्हा एकदा जरूर पाहावं.

अँडरसनचं निधन १९७४ साली, वन्यजीव कायद्यानंतर दोनच वर्षांनी झालं. त्याची सगळी पुस्तकं सारख्या तोलाची नाहीत आणि सगळी वाचायची गरजही नाही. ‘नाइन मॅनईटर्स अँड वन रोग’ मिळवा, जवळगिरीपासून सुरुवात करा, आणि वाघ येण्याआधीची पानं गाळू नका.