करावे गावातलं घर आणि मूल्यांकनातली लपलेली आशा

बँकेच्या मूल्यांकन अहवालातली किंमत संशोधनात चल म्हणून वापरायचा विचार करताय? मग आधी बघा, तो आकडा नेमकं काय मोजतो.

नवी मुंबईतलं करावे घ्या. सीवूड्सजवळचं, पाम बीच रोडलगतचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, शेतजमिनी संपादित झाल्या, गावठाण राहिलं आणि भोवती सेक्टर उभे राहिले. आता इथे गावठाणातली घरं आहेत आणि थोड्या अंतरावर सेक्टरमधल्या जुन्या सोसायट्या. पुनर्विकासाची आशा दोन्हीकडे आहे.

आधी सोसायटीतला फ्लॅट. मूल्यांकनकार क्षेत्रफळाला आसपासच्या व्यवहारांच्या दराने गुणतो, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य लिहितो. पुनर्विकासातून मिळू शकणाऱ्या जास्तीच्या जागेचं वेगळं मोल सहसा धरत नाही. सावध पद्धत वाटते ना? पण तो दर आला कुठून? शेजारच्या सौद्यांतून. आणि तिथल्या खरेदीदाराने 'बिल्डर येणार, मोठं घर मिळणार' हे धरूनच पैसे मोजलेले असू शकतात. म्हणजे अहवालाने जी आशा मोजली नाही असं आपण समजतो, ती दरातून आत आलेली असते.

कोणी म्हणेल, बाजारभाव तो बाजारभाव. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकंही सर्वोत्तम वापराचा विचार करायला सांगतात, पण तो वापर प्रत्यक्षात शक्य, कायद्याने मान्य आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारा हवा. इथेच गाडी अडते. तारण एका फ्लॅटचं असतं, पुनर्विकास मात्र अख्ख्या सोसायटीचा. 2019 च्या शासन निर्देशांनुसार त्याला किमान 51 टक्के सभासदांची संमती लागते, आणि जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची असेल तर तिचीही परवानगी. एकट्या कर्जदाराच्या हातात यातलं काहीच नाही. बासेल नियमांतही तारणाच्या मूल्यात पुढच्या भाववाढीची अपेक्षा धरू नये असं म्हटलंय.

आकड्यात बघू. समजा फ्लॅटचं मूल्यांकन 60 लाख, त्यातले 10 लाख निव्वळ आशेचे. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा 80 टक्के, म्हणजे कर्ज 48 लाख. आशा काढली तर घर 50 लाखांचं, आणि त्यावर कर्ज 96 टक्के! पुनर्विकास रखडला की हप्ता चालूच राहतो आणि इमारत मोडकळीला येते. बँकेच्या कागदावर मात्र सगळं नियमात.

गावठाणातल्या घराचं उलटं. जागेची किंमत मोठी, पण मालकीचे कागद अपुरे, बांधकाम 'गरजेपोटी' केलेलं. 2022 मध्ये अशी बांधकामं नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला, तरी कागद पूर्ण होईपर्यंत बँक सहसा दारात येत नाही. कर्ज नाही, म्हणून अहवाल नाही, म्हणून तुमच्या तक्त्यात ते घरच नाही. ही गाळणी यादृच्छिक नाही. जिथे विकासाची शक्यता आणि कागदांचा गोंधळ एकत्र आहेत, नेमकी तीच घरं गळतात. (उपकरणाच्या टप्प्याबाहेरचं वाचन आपण शून्य लिहीत नाही, तसंच हे.)

म्हणून अहवाल हाती आला की अंतिम आकड्याआधी तुलनेचे सौदे बघा. त्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव कधी झाला, ती तारीख मिळवा. ठरावाआधीचे आणि नंतरचे दर वेगळे मांडा. आशेचा वाटा किती, याचा निदान अंदाज तिथून बांधता येतो.